पंख्याची मोटर आणि आपला अबोला

अहो, पहिलेच सांगून ठेवते, मी रडायला बसलेली नाही. रडणं झालं. तेरावं झालं, पाहुणे गेले, शेजाऱ्यांच्या सतरंज्या झटकून ज्याच्या त्याला परत दिल्या, शिरीष भोपाळला त्याच्या नोकरीवर गेला. आता या घरात मी आहे आणि गॅरेजमध्ये तुमची गाडी आहे. दोघींना विचारणारं कुणी नाही. म्हणून तुमच्याशी बोलते आहे, आणि यावेळी तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. मधेच उठून "जरा बॅटरीचं पाणी बघून येतो" म्हणत सटकता येणार नाही.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या होत्या. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात नोकरी, स्वभाव मनमिळाऊ, मागे पत्नी आणि मुलगा. मनमिळाऊ! मी परत वाचलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना छापलं? मनमिळाऊ माणूस बायकोशी आठवडा आठवडा अबोला धरतो का? आणि कशावरून, तर गाडीच्या पंख्यावरून. समाचाराला आलेल्या बायका हळूच विचारायच्या, "शेवटी काय बोलले हो?" काय सांगणार मी त्यांना? बोलतच नव्हतो आपण.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, हे तुम्हाला आठवतंय ना? हातोदहून गहू घेऊन येताना गाडीचा, इंजिन गार ठेवणारा पंखा बंद पडला. तुम्ही म्हणालात, पंख्याची मोटर जळाली. मी म्हणाले, मोटर चांगली आहे, अर्थिंग गेलंय, बॉडीशी तिची जोडणी सुटलीय. त्यावरून रस्त्यात जुंपली, घरी आल्यावर अबोला सुरू झाला, आणि अबोला सुटायच्या आत तुम्ही निघून गेलात. असं कुणी करतं का?

आता रविवारी एक गिऱ्हाईक येणार आहे. शिरीषनं ठरवलंय, "आई, तुला चालवता येत नाही, ती गाडी ठेवून करणार काय?" बरोबर आहे त्याचं. त्यानं त्या माणसाला सांगूनही टाकलंय की पंख्याची मोटर जळालेली आहे, बाबांनीच सांगितलं होतं. म्हणजे तुमचा शब्द पक्का झाला. मी काय म्हणत होते, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. गाडी एकदा गेली की कोण बरोबर होतं ते या जन्मात कळणार नाही. मला कळायला पाहिजे. आणि खरं सांगू का, मला भीती हीच आहे की माझंच बरोबर निघेल. तुम्ही असताना मी बरोबर निघाले की काय मजा यायची, दोन दिवस तोऱ्यात फिरायची मी. आता जिंकून करू काय? कुणाच्या तोंडाकडे बघू?

पाहुणे गेल्यावर पहिले काही दिवस तर मला वाटायचं, अबोलाच लांबलाय. घर तसंच होतं ना. तसंच गप्प. तुमची खुर्ची, तुमचा चष्मा, तुमच्या किरोसिनचा वास मारणारी ती बनियन. मी पोळ्या करता करता तव्याकडे बघून म्हणायची, "कुणाला गरम पोळी हवी असेल तर आत्ताच बसावं." आपली अबोल्यातली रीतच ती. तुम्ही कॅलेंडरशी बोलायचं, मी तव्याशी, आणि दोघांची कामं बरोबर व्हायची. शिरीष लहान असताना विचारायचा, "बाबा कॅलेंडरला का सांगतायत छत्री कुठे आहे?" आता मी तव्याला सांगते आणि कॅलेंडर काही म्हणत नाही. मग लक्षात येतं.

हातोदचा गहू अजून पुढच्या खोलीत पोत्यांतच पडलाय. दोघांचा वर्षाचा गहू. चाळायला घेतला नाही. एवढा खाणार कोण? कालपासून टाचांना भेगा पडून त्या इतक्या दुखतायत की जमिनीवर पाय ठेववत नाही, आणि माझी व्हॅसलीनची बाटली सापडत नाही. फळीवरची कुठे गेली कुणास ठाऊक. सगळं घर पालथं घातलं. सूनबाईनं नेली असेल असंसुद्धा मनात येऊन गेलं, बिचारीनं तेरा दिवस माझी एवढी सेवा केली तरी. एकट्या बाईचं डोकं असं भलतीकडे चालतं. तुम्ही असता तर बाटलीचा आळ तुमच्यावर आला असता आणि विषय तिथेच मिटला असता.

गाडी आपल्याकडे आली तेव्हाचं आठवतं? संस्थान गेलं, मध्यभारत झाला, मग तोही गेला आणि मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. इंदूरच्या सरदारांच्या घरून एकेक वस्तू बाहेर निघायला लागली. कुणाकडून झुंबर, कुणाकडून गालिचे. मामंजी ज्यांच्याकडे कारभारी होते त्यांच्याकडून आपल्याला ही गाडी मिळाली. काळी, लांब नाकाची, विलायती. स्नेहलतागंजच्या गल्लीत ती पहिल्यांदा वळली तेव्हा मी नवी नवरी होते, आणि तुम्ही उतरून पहिले बॉनेटवरची धूळ पुसलीत, मग माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हाच ओळखलं होतं, या घरात मला एक सवत आहे.

वर्षानुवर्षं ती नीट चालली. मग तिचा जुना पंखा तुटला, इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा तो. त्याचं सामान कुठेच मिळेना. दुसऱ्या कुणी गाडी विकली असती. तुम्ही मुंबईच्या भंगारबाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचा विजेवर चालणारा पंखा उचलून आणलात आणि माझ्या पितळी परातीत किरोसिन ओतून धुवायला घेतलात. त्या परातीत मी पुन्हा कणीक भिजवली नाही. रेडिएटरमध्ये तुम्ही एक गर्मीवर चालणारा स्विच बसवला. पाणी तापलं की स्विच लागणार, पंखा आपोआप सुरू होणार, पाणी निवलं की बंद. गाडीची चावी काढलेली असली तरी. किती खुशीत होतात! मिलमधली एवढाली मशिनं सांभाळणारा माणूस, पण हा वीतभर पंखा फिरला तेव्हा तुम्ही शिरीषपेक्षा लहान दिसत होतात.

आणि मग गाडी तापायला लागली.

पंखा फिरतोय, आवाज येतोय, आणि काटा वर वरच जातोय. ओंकारेश्वरला निघालो तर भंवरकुआंचा चौक मागे पडायच्या आत काटा अर्ध्यावर, आणि भेरूघाटात वाफ. अर्ध्या घाटातून परत आलो, मला आठवतंय, कारण देवाला नेलेला नारळ मी तिथंच दगडावर फोडून आपण दोघांनी खाल्ला. नौलखाच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं कान लावला आणि म्हणाला, "पंखा तो मस्त फिर रिया है भिया, फिर ये गरम काय कू होती है?" तुम्ही रेडिएटर सोड्यानं धुतलात, नळ्या बदलल्यात, पाण्याचा पंप उघडलात. उन्हाळाभर तेच. जेवताना समोर भाजी कोणती आहे हे कळायचं नाही तुम्हाला.

आणि एक दिवस मी चहा घेऊन गॅरेजमध्ये आले, गाडीच्या तोंडासमोर उभी राहिले, आणि माझा पदर उडाला. गरम गरम वारा, थेट अंगावर.

"अहो, हा पंखा मला वारा घालतोय."

"मग पंख्यानं काय करावं?" तुम्ही गाडीखालूनच.

"इंजिनाला घालावा ना! बाहेरचा वारा आत ओढायचा की आतली गर्मी माझ्यावर सोडायची?"

मग तुम्ही बाहेर आलात, रुमाल काढून जाळीवर धरलात. आत ओढला जाऊन चिकटायला हवा होता तो रुमाल, उडून माझ्या चहाच्या ट्रेवर पडला. तुमचा चेहरा काय झाला होता! पंखा उलटा फिरत होता. आपल्या गाडीची वायरिंग इतर गाड्यांच्या उलटी, बॅटरीची प्लसची बाजू बॉडीला जोडलेली. हे तुम्हाला चांगलं माहीत होतं, तुम्हीच मला शिकवलेलं. पण नव्या पंख्याच्या वायरी तुम्ही सवयीनं जोडून टाकल्यात, लाल करंटच्या वायरीला आणि काळी बॉडीला. घाटात गाडी पुढे जाऊन वारा आत घेऊ बघते आणि पंखा तो बाहेर ढकलतोय. तापणार नाही तर काय होणार! दोन वायरी अदलाबदल केल्यात, झालं.

त्यानंतर महिनाभर तुम्ही अख्ख्या इंदूरला सांगत फिरलात, "आमच्या हिनं पकडलं." मिलमध्ये सांगितलंत, मिस्त्रीला सांगितलंत, दूधवाल्याला सांगितलंत. दूधवाला मला विचारायचा, "भाभीजी, हमारी साइकिल भी देख लो." मला लाज वाटायची, मी तुमच्यावर चिडायची. पण आत खूप बरं वाटायचं. ते तुम्हाला कधी बोलले नाही. आत्ता बोलते. मला माझ्या आईबापांनी, मास्तरांनी, कुणीच कधी असं चारचौघांत शाबासकी दिली नव्हती. तुम्ही दिलीत, आणि तीसुद्धा स्वतःची चूक सांगून. ही गोष्ट मनमिळाऊ माणसाची नाही, मोठ्या मनाच्या माणसाची आहे. पेपरवाल्यांना काय कळणार.

तेव्हापासून गाडीचं प्रत्येक काम आपण दोघांनी केलं. तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले, मी ड्रायव्हरच्या जागेवर. बॉनेट उघडलं की तुम्ही मला दिसायचा नाहीत आणि मी तुम्हाला. माझ्यासमोर दोन काटे. एक पाण्याच्या गर्मीचा, एक बॅटरीचा. पंखा लागला की बॅटरीचा काटा डावीकडे जरा झुकतो. तुम्ही तिकडून ओरडायचा, "हलला?" मी ओरडायची, "नाही हलला!" मग खाटखूट. परत "हलला?" आणि कधीतरी मी "हलला हो, हलला!" गल्लीतली पोरं आपली नक्कल करायची. पंखा तुमच्या नाकासमोर फिरत असला तरी माझ्याकडून ऐकल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही. म्हणायचा, "डोळे फसवतात, काटा फसवत नाही." मी मनात म्हणायची, काट्याचं निमित्त आहे, यांना माझं ओरडणं ऐकायला आवडतं. होतं ना तसं? विचारायचं राहून गेलं.

आणि ते दुसरं भांडण, गाडी बंद केल्यावर पंखा चालू राहण्याचं. घरी आलो, तुम्ही चावी काढली, तरी तो आपला घरघर करत बसायचा. मी म्हणायची, "अहो, बॅटरी उतरेल, काढा ती वायर." तुम्ही म्हणायचा, "इंजिन बंद केल्यावर पाणी आणखी तापतं. त्याला थोडा वेळ दे." मला कधी पटलं नाही. मी जाऊन फ्यूज ओढायची, तुम्ही येऊन परत लावायचा.

आता हातोदचं. उन्हाळा कसला पेटलेला, मंडीत बैलगाड्यांच्या मागे आपण अडकलेलो, मागच्या सीटवर आणि डिकीत गहू. काटा चढायला लागला आणि पंखा काही लागेना. कशीबशी गाडी मंडीबाहेर लिंबाखाली घेतलीत. तुमची ती जुनी पद्धत, एकेक करून बघायचं. फ्यूज चांगला. मग गर्मीच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावल्यात, म्हणजे स्विच वगळून करंट सरळ पंख्याला.

"हलला?"

"नाही हलला!"

मग करंट तपासायचा तो टेस्टचा दिवा काढलात, एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला सुई. क्लिप बंपरला लावलीत, सुई मोटरच्या वायरला. दिवा लागला. तुम्ही सरळ उभे राहिलात आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणालात, "करंट येतोय, पंखा फिरत नाही. मोटर जळाली."

मी खाली उतरून आले होते. मला क्लिप दिसली. मी म्हटलं, "बंपरला लावून काय कळणार? बंपरचं अर्थिंग चांगलं आहे हे कळलं. मोटरला बॉडीशी जोडणाऱ्या पट्टीला लावा ना क्लिप. दसऱ्याआधी तुम्ही गाडीच्या नाकाला रंग दिलात, तेव्हा पट्टी काढली होतीत. रंगावरच बसवली असणार."

"अर्थिंग मी माझ्या हातानं केलंय."

"रंग खरवडला होता?"

"मी काय आज करतोय का हे काम?"

बस, तिथे बिनसलं. मला आता कळतं, एकदा त्या अर्थिंगमध्ये चुकलेला माणूस पुन्हा चुकलो म्हणायला तयार नव्हता. पण त्या उन्हात मला काय सुचतंय! मी म्हणाले, "मग बसा मोटरची वाट बघत, मुंबईहून येईपर्यंत." तुम्ही म्हणालात, "तू गप्प बस." तुम्ही मला कधी असं म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "बरं, बसते." आणि बसले. विहिरीवरून बादली आणून रेडिएटरवर पाणी मारत, थांबत, थांबत, आपण घरी आलो. वाटेत एक शब्द नाही.

मग ते दिवस. शेवटच्या दिवशी दुपारभर तुम्ही गॅरेजमध्ये होतात. मधे इंजिनाचा आवाज आला, तरी मला वाटलं, रुसून बसलायत. मुद्दाम चहा नेला नाही. संध्याकाळी आत आलात, साबणानं घासघासून हात धुतलेत, आणि कॅलेंडरकडे बघून म्हणालात, "कुणाला बाहेर जायचं असेल तर गाडी आहे."

मला वाटलं टोमणा आहे. गाडी बंद, आणि वर ही ऐट! मी तव्याला सांगितलं, "बंद पडलेल्या गाडीतून कुठे जायचं कुणी?"

तुम्ही हसलात. त्या हसण्यानं मी आणखी पेटले. भांडी आदळली. तुम्ही जेवलात, वरणाला बरं म्हणालात, तेही कॅलेंडरलाच, आणि झोपलात. सकाळी उठला नाहीत.

हे सगळं आज सकाळपासून डोक्यात फिरत होतं. म्हटलं, रविवार तोंडावर आलाय, आता नाही तर कधीच नाही. समोरच्या कुसुमताई म्हणाल्या, "मी येऊ का मदतीला?" नको म्हटलं. तुमच्या जागेवर कुणाला उभं करू? तुमचा टेस्टचा दिवा घेतला, पाना घेतला, गॅरेजचं दार सताड उघडलं. तुमचाच नियम, आधी बिघाड स्वतः बघायचा, मग हात घालायचा. पंखा लागत नाही हे एकदा बघते, मग क्लिप मोटरच्या पट्टीला लावते. दिवा लागला तर पट्टी चांगली, मोटर जळाली, तुम्ही बरोबर. नाही लागला तर मी.

बॉनेट उघडलं. बसले माझ्या जागेवर. चावी फिरवली. इतके दिवस उभी होती, कुरकुरली, खोकली, पण लागली. गाडीचा आवाज ऐकून मला एकदम भडभडून आलं, ते जाऊ दे. पाण्याचा काटा हळूहळू चढत होता. समोर उघडं बॉनेट, आणि मी सवयीनं वाट बघतेय की पलीकडून कुणी ओरडेल. देवाला म्हणत होते, मोटर जळालेली निघू दे. यांचंच खरं होऊ दे. यांना जिंकू दे, मला काही नको.

पाण्याचा काटा नेहमीच्या जागी आला. आणि बॅटरीचा काटा डावीकडे झुकला.

मी ओरडले, "हलला!"

तोंडातून निघूनच गेलं. एवढ्या मोठ्यानं की कबुतरं उडाली. मग गॅरेजमध्ये फक्त इंजिनाचा आणि पंख्याचा आवाज. कुणी म्हटलं नाही, "पक्का?" कुणी म्हटलं नाही, "आता बंद कर."

मग राग आला. मोटर जळालेलीच नव्हती! मी बरोबर होते! आणि सांगू कुणाला? उतरून पुढे गेले. मनात म्हटलं, ढिलं अर्थिंग आहे, कधी लागतं कधी नाही, आज नेमकं लागलं. पट्टीचा बोल्ट बघायला वाकले.

बोल्टच्या भोवती रंग नव्हता. पत्रा पांढरा स्वच्छ खरवडलेला, पट्टीची खालची बाजूसुद्धा कानशीनं घासलेली, चांदीसारखी. आणि त्यावर, गंज चढू नये म्हणून, बोटानं जाडसर फासलेलं व्हॅसलीन. तुमच्या बोटाची रेघ अजून होती त्यात. मी मान वर केली तर खिडकीच्या कट्ट्यावर माझी बाटली. झाकण उघडंच टाकलेलं, धूळ बसली आत. झाकण लावायची सवय तुम्हाला कधी लागलीच नाही.

म्हणजे त्या दुपारी तुम्ही रुसून बसला नव्हतात. माझं ऐकून क्लिप मोटरच्या पट्टीला लावून बघितलीत, दिवा लागला नसणार, आणि तिथेच खाली बसून रंग खरवडलात. एकटेच. गाडी तापवून पंखा लागतो का बघायला एकदा गाडीच्या पुढे, एकदा सीटवर, असे तुम्हीच फिरला असाल. "हलला?" कुणाला विचारलंत हो? मी तर आत, तोंड फुगवून, तांदूळ निवडत बसलेली. हाक मारली असतीत तर आले असते. कॅलेंडरला सांगितलं असतंत तरी आले असते.

आणि सांगितलंच होतंत की. हात धुऊन येऊन सांगितलंत. कुणाला बाहेर जायचं असेल तर गाडी आहे. टोमणा नव्हता तो. "तुझं खरं होतं" एवढं म्हणायला जीभ वळेना, म्हणून गाडीच हजर केलीत माझ्यापुढे. म्हणून हसलात. मला कळलं नाही, आणि तुम्हाला वाटलं असेल, असू दे, सकाळी सांगू, सकाळी गाडीत बसवून दाखवू.

मी गाडी बंद केली. चावी काढली. पंखा घरघर करतच राहिला. हात सवयीनं फ्यूजकडे गेला आणि मी तो मागे घेतला. म्हटलं, द्या त्याला थोडा वेळ. तिथेच तुमच्या स्टुलावर बसले, त्या बाटलीतली वरची धुळीची साय काढून टाचांना व्हॅसलीन चोपडलं, आणि तो आपणहून थांबेपर्यंत ऐकत राहिले. थांबला तेव्हा गल्ली एकदम रिकामी वाटली.

रविवारी तो माणूस येईल. गाडी देईन की नाही, अजून मला ठाऊक नाही. शिरीषचं चुकत नाही, आणि मला चालवता येत नाही हेही खरं. पण त्या गिऱ्हाइकाला मी सांगणार आहे, मोटर चांगली आहे, अर्थिंग गेलं होतं, ते आमच्या यांनी नीट केलं. चारचौघांत सांगणार. दूधवाल्यालासुद्धा सांगणार. तुम्ही माझं सांगितलं होतंत तसं.

आता शेवटचं, आणि हे तव्याकडे बघून नाही, सरळ तुम्हालाच सांगते. कुणाला बाहेर जायचं असेल तर गाडी आहे, म्हणालात ना? मला जायचं होतं हो. भेरूघाट चढून ओंकारेश्वरला, तो नारळ पोचवायचा राहिलाय. नाही तर नुसतं छावणीपर्यंत, शिकंजी पिऊन परत. कुठेही. तुम्ही पुन्हा एकदा म्हणाला असतात, तर तवा उतरवून, साडी बदलून लगेच आले असते.